आईचं सोडियम ११२ आणि एक फिट

पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझी आई ६४ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिची बीपीची गोळी बदलली. नंतर साधारण तीन आठवड्यांनी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. जो तो 'पाणी पीत राहा' सांगत होता, म्हणून ती दोन दिवस सारखी पाणी पीत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती असंबद्ध बोलायला लागली आणि रात्री तिला फिट आली. डोळे फिरले, अंग ताठ झालं, हातपाय झटकले, जीभ चावली गेली. आयुष्यात पहिल्यांदाच. हॉस्पिटलमध्ये सोडियम ११२ निघालं. आधी एक छोटं सलाईन भराभर दिलं, पण त्यानंतर सगळं इतकं सावकाश चाललं की १३० व्हायला तीन दिवस लागले. माझा भाऊ अजून चिडलेला आहे. मीठच कमी झालं होतं, तर ते तासाभरात भरून का काढलं नाही, असं त्याचं म्हणणं. एमआरआय नॉर्मल आहे. ईईजीमध्ये 'स्लोइंग' लिहिलंय. घरी सोडताना बीपीची गोळी बदलली आणि फिटची एक गोळी सुरू केली. आता नातेवाईक म्हणतात, हिला फेफरं आहे. आई एकटी बाथरूममध्ये जायलाही घाबरते. तिला खरंच अपस्मार झालाय का? गोळी जन्मभर घ्यावी लागेल का? आम्ही जेवणातलं मीठ वाढवलंय आणि रोज इलेक्ट्रोलाइटचं पाणी देतोय, ते बरोबर आहे ना?

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न दोन दिवस थांबले तरी चालतील, हा नाही. वाढवलेलं मीठ पूर्वीइतकं करा आणि ते रोजचं इलेक्ट्रोलाइटचं पाणी बंद करा. तुमच्या डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, पण पत्रावरून तरी तसं दिसत नाही. का बंद करायचं, ते पुढे ओघात येईलच.

आता अपस्माराचं. तुम्ही लिहिलंय ते सगळं जसंच्या तसं धरलं, तर तुमच्या आईला अपस्मार झालेला नाही. तिला एक फिट आली. खोकला आला म्हणजे दमा नव्हे, तसंच हे. मेंदूवर पुरेसा ताण आला की फिट कोणालाही येऊ शकते. तुम्हाला येऊ शकते, मलाही येऊ शकते. अपस्मार म्हणजे असं कुठलंही तात्कालिक कारण नसताना फिट यायची मेंदूची प्रवृत्ती. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संस्थेनं २०१४ साली केलेली व्याख्या अशी: विनाकारण आलेल्या दोन फिट्स, दोन्हींमध्ये २४ तासांहून जास्त अंतर, किंवा विनाकारण आलेली एकच फिट पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा यायची शक्यता किमान ६० टक्के. यातला 'विनाकारण' हा शब्द नीट बघा. तुमच्या आईच्या बाबतीत कारण रिपोर्टवर छापलेलं आहे.

याच संस्थेनं २०१० साली आणखी एक काम केलं. रक्तातली कुठली गोष्ट किती घसरली की फिटचं खापर तिच्यावर फोडायचं, याचे आकडे ठरवले. सोडियम ११५ च्या खाली, कॅल्शियम ५ मिलिग्रॅमच्या खाली, मॅग्नेशियम ०.८ च्या खाली, साखर ३६ च्या खाली. अट एकच, रक्त फिटच्या २४ तासांच्या आत घेतलेलं हवं. तुमच्या आईचं ११२ यात बसतं. पण हे आकडे मुद्दाम कडक ठेवलेले आहेत, ते दरवाजासारखे, म्हणजे एक तर आत नाहीतर बाहेर, असे वापरायचे नाहीत. कुणाला एका दिवसात सोडियम ११८ वर आलं म्हणून फिट येते, तर कुणी ११२ घेऊन स्वतःच्या पायांनी ओपीडीत चालत येतो आणि 'जरा अशक्तपणा वाटतो' म्हणतो. दोघांत फरक पडतो तो वेगाचा. आकडा किती खाली गेला याइतकंच तो किती तासांत गेला हेही महत्त्वाचं.

तुमच्या भावाचा राग नेमका याच जागी आहे, म्हणून इथे जरा थांबते.

रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ असतं. ते घसरतं तेव्हा पेशींच्या बाहेरचं पाणी पातळ होतं आणि आतलं दाट राहतं. पाणी दाट बाजूकडे जातं, म्हणजे पेशीत शिरतं. पेशी फुगतात. पायावरच्या पेशी फुगल्या तर पाय सुजेल, त्याला जागा आहे. मेंदूला मात्र कवटीच्या आत हलायलाही जागा नाही. म्हणून आधी मळमळ, डोकेदुखी, मग बोलण्यात गोंधळ, मग फिट. संध्याकाळी आई असंबद्ध बोलत होती ना, तेव्हाच मेंदू सुजायला लागला होता. तुमच्या लक्षात आलं नाही याबद्दल स्वतःला बोल लावू नका. जुलाबानं थकलेलं माणूस असं बोलतंच, असं त्या वेळी कोणालाही वाटलं असतं.

मेंदू नुसता फुगत बसत नाही. काही तासांतच तो स्वतःच्या पेशींतलं पोटॅशियम आणि इतर विरघळलेले पदार्थ बाहेर टाकायला लागतो, म्हणजे आतलं पाणीही पातळ होईल आणि सूज उतरेल. साधारण दोन दिवसांत हे जमवून आणतो. आता असं समजा की या जमवून घेतलेल्या मेंदूभोवतीचं सोडियम तुम्ही तासाभरात ११२ वरून १३५ वर नेलं. बाहेर एकदम दाट, आत अजून पातळ. पाणी उलट दिशेनं धावतं, पेशी आकसतात, आणि मज्जातंतूंवरचं आवरण सोलवटल्यासारखं निघून जातं. विशेषतः मेंदूच्या देठाजवळ, जिथून बोलणं, गिळणं, हातपाय हलवणं या सगळ्याच्या तारा जातात. या आजाराचं पहिलं वर्णन १९५९ सालचं आहे. सोडियम भराभर वाढवण्याशी त्याचा संबंध आहे हे डॉक्टरांच्या ध्यानात यायला पुढे बरीच वर्षं गेली. यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे हे लगेच दिसत नाही. सोडियम छान १३५ झालेलं असतं, घरचे खूश असतात, पेशंट बोलायला लागलेला असतो. आणि मग दोन ते सहा दिवसांनी जीभ जड होते, घास गिळेनासा होतो, हातपाय लुळे पडतात. त्यातून काही जण बरे होतात, काही होत नाहीत.

म्हणून मार्ग मधला असतो. फिट आलेली असेल तर सुरुवातीला ३ टक्क्यांचं, म्हणजे नेहमीच्या सलाईनपेक्षा तिपटीहून जास्त खारं सलाईन १०० ते १५० मिली दहा-वीस मिनिटांत देतात. तेच तुम्ही पाहिलेलं 'छोटं सलाईन'. सोडियम चार ते सहानं वर आलं की मेंदूची सूज बहुतेक वेळा फिट थांबण्याइतकी उतरते. त्यानंतर घाई संपली. पुढे २४ तासांत एकूण वाढ साधारण ८ ते १० च्या आत ठेवायची, आणि पेशंट कुपोषित असेल, दारूचं व्यसन असेल, यकृताचा आजार किंवा पोटॅशियम कमी असेल, तर ८ च्या पुढे जाऊच द्यायचं नाही. तुमच्या आईचं ११२ वरून १३० तीन दिवसांत झालं, म्हणजे दिवसाला सरासरी सहा. भावाला सांगा, याला हळू म्हणत नाहीत. मी स्वतः याहून वेगळं काही केलं नसतं.

आणखी एक त्याला सांगा, त्यानं तिथे पाहिलंही असेल. अशा पेशंटच्या खाटेशी सिस्टर सारखी वाकून लघवीची पिशवी बघते आणि तासागणिक आकडा लिहिते. नातेवाइकांना वाटतं हे काम उगाच चाललंय. खरा धोका त्या पिशवीत दिसतो. बीपीची गोळी थांबते, उलट्या थांबतात, आणि मूत्रपिंड एकदम जागं होऊन साठलेलं पाणी सोडायला लागतं. आधीच्या तासाला ४० मिली असलेली लघवी पुढच्या तासाला ४०० होते, पाण्यासारखी स्वच्छ. तेव्हा सोडियम कुठल्याही सलाईनशिवाय आपोआप उसळी मारतं. अशा वेळी डॉक्टरांना उलटं काम करावं लागतं, म्हणजे लघवी कमी करणारं इंजेक्शन द्यायचं किंवा साधं ग्लुकोजचं पाणी देऊन सोडियम पुन्हा थोडं खाली आणायचं. बाहेर बसलेल्या माणसाला हे कळणार नाही, आणि 'वाढवलेलं परत कमी का करताय' हे भांडण मी प्रत्यक्ष ऐकलेलं आहे. तीन दिवसांत कुणी पाच मिनिटं बसून हे भावाला समजावलं नाही, ही चूक मात्र आम्हा लोकांची.

आता मीठ. 'सोडियम कमी' म्हटलं की घरात सगळ्यांचा हात मिठाकडे जातो, आणि तो शब्दच तसा फसवा आहे. रिपोर्टमधला आकडा शरीरात मीठ किती आहे हे सांगत नाही. एक लिटर रक्तद्रवात सोडियम किती, एवढंच तो सांगतो. मीठ तेवढंच ठेवून पाणी वाढवलं तरी तो खाली येतो. तुमच्या आईचं उलट्या-जुलाबातून थोडं मीठ गेलं असणार, ते मान्य. पण एवढ्या झपाट्यानं ११२ पर्यंत नेलं ते पाण्यानं.

तुम्ही विचाराल, पाणी तर सगळेच पितात. बरोबर. धडधाकट मूत्रपिंड दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणीसुद्धा बाहेर टाकू शकतं. आईचं टाकू शकलं नाही, कारण त्याच्यावर दोन कुलुपं लागली होती. एक उलटीचं. मळमळ झाली की मेंदू व्हासोप्रेसिन नावाचं हार्मोन सोडतो, त्याचा मूत्रपिंडाला निरोप एकच, पाणी धरून ठेव. मळमळीइतका जोरदार निरोप दुसरा क्वचितच कुठला असेल. दुसरं कुलूप गोळीचं. तुम्ही गोळीचं नाव लिहिलेलं नाही, पण तीन आठवडे, साठी ओलांडलेली बाई आणि घसरलेलं सोडियम, एवढ्यावर मी पैज लावीन की तिच्यात थायाझाइड जातीचं औषध होतं. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही त्यातली नेहमीची नावं. बीपीवर ती चांगली आहेत, स्वस्त आहेत, मी रोज लिहून देते. पण मूत्रपिंडाच्या ज्या भागात लघवी पातळ केली जाते, नेमका तोच भाग ती अडवतात. त्यामुळे मीठ जातं आणि पाणी राहतं. बहुतेकांना काही होत नाही. उतारवयातल्या, अंगानं बारीक बायकांमध्ये मात्र पहिल्या काही आठवड्यांत सोडियम धाडकन खाली येऊ शकतं. अशी गोळी सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांनी सोडियम बघून घ्यावं. ते बघितलं गेलं होतं का, हे मला माहीत नाही.

दोन्ही कुलुपं लागलेली, आणि वरून दोन दिवस नुसतं पाणी. सांगणाऱ्यांचं चुकलं असंही नाही, जुलाबात पाणी द्यावंच लागतं. पण नुसतं साधं पाणी नव्हे, ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आत्ताच्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ इतकं सोडियम असतं. आणि तुमच्या रोजच्या इलेक्ट्रोलाइटच्या पाण्याचं उत्तरही याच आकड्यात आहे. रक्तात १४०, ओआरएसमध्ये ७५, आणि खेळाडूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांत त्याहून कितीतरी कमी. मूत्रपिंड पाणी धरून बसलेलं असेल, तर यातलं कुठलंही पेय बाटलीमागून बाटली दिलं की सोडियम वाढायच्या ऐवजी घसरू शकतं. बाटलीवर काय छापलंय याच्याशी मूत्रपिंडाला कर्तव्य नाही. आणि जेवणातल्या जास्तीच्या मिठानं आईचं बीपी चढेल, ते वेगळंच. जुलाब लागले तर ओआरएस द्या, एरवी नको. पाणी तहान लागेल तेवढंच प्यायचं, दिवसाला इतके ग्लास असा हिशेब ठेवायचा नाही. डॉक्टरांनी पाण्याचं माप घालून दिलं असेल तर अर्थात ते पाळायचं.

सोडियमबद्दल इतकं लिहिलं, पण डिस्चार्ज कार्ड काढून आणखी दोन आकडे शोधा, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पहिल्या फिटच्या पेशंटमध्ये साखर आणि सोडियम सगळे बघतात, ही दोन राहून जातात. मॅग्नेशियम तर फारच. कॅल्शियम कमी झालं की नसा विनाकारण उद्दीपित होतात. आधी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, मग पेटके. ही गोष्ट एकदा बघितली की विसरत नाही: बीपी मोजायचा पट्टा दंडावर बांधून वरच्या बीपीच्या थोडं पुढे फुगवायचा आणि तीन मिनिटं तसाच ठेवायचा. हळूहळू मनगट वाकतं, अंगठा तळव्यात ओढला जातो, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटतात, आणि पेशंट स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत राहतो. घरी करून बघू नका, दुखतं. थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्यांत, मूत्रपिंड निकामी झालेल्यांत, ड जीवनसत्त्व फार कमी असलेल्यांत हे होतं. ऑपरेशनला वीस वर्षं झाली असली तरी होऊ शकतं, म्हणून गळ्यावरची जुनी खूण डॉक्टरांना दाखवावी.

मॅग्नेशियमचं तऱ्हेवाईक आहे. ते घसरलं की कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्हींना बरोबर घेऊन जातं, आणि मग कॅल्शियमची कितीही इंजेक्शनं दिली तरी आकडा हलत नाही, कारण कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन मॅग्नेशियमशिवाय नीट सुटतच नाही. ते कमी होण्याची नेहमीची कारणं म्हणजे लांबलेले जुलाब, दारू, आणि ज्याच्याकडे कोणी औषध म्हणून बघतच नाही ती ॲसिडिटीची गोळी. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल यांच्या जातीची गोळी वर्षभर किंवा त्याहून जास्त घेतली तर मॅग्नेशियम उतरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्येच दिलेला आहे. आई ती रोज सकाळी घेते का? घेत असेल तर पुढच्या रक्ततपासणीत मॅग्नेशियम घालून घ्या.

पोटॅशियमची धास्ती बऱ्याच जणांना असते. फिटच्या संदर्भात ती सोडा. पोटॅशियम कमी-जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात, स्नायू लुळे पडतात, पण त्यानं फिट येणं अगदी विरळा.

रिपोर्ट वाचतानाच्या दोन फसगती सांगून ठेवते. जोरदार फिटनंतर लगेच घेतलेल्या रक्तात आम्लता वाढलेली, आम्लता आवरणारं बायकार्बोनेट उतरलेलं, पांढऱ्या पेशी चढलेल्या असतात. हे सगळं फिटमुळे झालेलं असतं, फिटचं कारण नसतं, आणि आम्लता तासा-दोन तासांत आपोआप निवळते. दुसरी मधुमेहींसाठी. साखर खूप वाढली की पाणी पेशींतून रक्तात ओढलं जातं आणि सोडियम कमी दिसतं. साखर १०० च्या वर दर १०० मागे सोडियम साधारण १.६ नं खाली. म्हणजे साखर ६०० असेल तर आठचा फरक नुसता साखरेचा, तिथे आधी साखर खाली आणायची.

ईईजीतल्या, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीतल्या 'स्लोइंग'नं घाबरू नका. त्याचा अर्थ मेंदूच्या लहरी मंद आहेत. फिटनंतर आणि सोडियम खाली असताना त्या मंदच असतात. अपस्माराकडे बोट दाखवणाऱ्या टोकदार लहरी वेगळ्या, त्या असत्या तर रिपोर्टमध्ये तसं लिहिलं असतं. सोडियम पूर्ण स्थिरावल्यावर न्यूरोफिजिशियन कदाचित ईईजी पुन्हा करायला सांगतील. एमआरआय नॉर्मल आहे हे फार चांगलं. सोडियम सापडलं म्हणून मेंदूचा फोटो काढायचा नाही असं करता येत नाही, कारण मेंदूत गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल तर त्यानंसुद्धा सोडियम उतरतं. तिथे सोडियम आणि फिट दोन्ही एकाच तिसऱ्या गोष्टीची लेकरं असतात.

आता फिटची गोळी. ती आज मनानं बंद करू नका, आणि जन्मभराची समजून मनही बसवून घेऊ नका. त्या रात्री ती सुरू करणं रास्त होतं. अशा फिटनंतर कारण पूर्ण दुरुस्त झालं, एमआरआय आणि ईईजीत काही निघालं नाही, तर ही गोळी बहुधा काही आठवड्यांत बंद केली जाते. विनाकारण आलेल्या पहिल्या फिटनंतर पुढच्या दोन वर्षांत दुसरी यायचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २१ ते ४५ टक्के आलेलं आहे. सोडियममुळे आलेल्या फिटला हा आकडा लावायचा नाही. सोडियम पुन्हा तसं पडलं नाही, तर पुन्हा यायची शक्यता खूप कमी. पुढच्या भेटीत सरळ विचारा, 'ही गोळी कधी थांबवायची?' तारीख कार्डावर लिहून घ्या. कोणी विचारलंच नाही म्हणून सहा-सहा वर्षं चाललेल्या गोळ्या मी पाहिल्या आहेत.

पण गोळीचं नाव मात्र आजच बघा. लेव्हेटिरासिटाम असेल तर सोडियमच्या दृष्टीनं चिंता नाही, चिडचिड वाढली तर तेवढं कळवा. कार्बामॅझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन असेल, तर उद्याच डॉक्टरांना फोन करा. ही दोन्ही फिटवरची उत्तम औषधं आहेत, आणि दोन्ही सोडियम खाली आणतात. सोडियममुळे फिट आलेल्या बाईला सोडियम उतरवणारी फिटची गोळी, असं होतं कधीकधी, विशेषतः एक डॉक्टर फिट बघत असेल आणि दुसरा सोडियम. असाच धोका भीतीवरच्या आणि नैराश्यावरच्या गोळ्यांचा. आई घाबरलेली आहे, तेव्हा कोणीतरी चांगल्या मनानं एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन लिहून देईल. गरज असेल तर अवश्य घ्यावी, पण लिहिणाऱ्याला ११२ चा आकडा आधी सांगा.

बीपीच्या नव्या गोळीचं पाकीटही उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचा. जोडगोळ्यांमध्ये थायाझाइड दुसऱ्या औषधाच्या पाठीमागे लपलेलं असतं, आणि बऱ्याचदा त्याची खूण म्हणजे नावाच्या शेपटीला लावलेलं एखादं अक्षर. आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा: 'थायाझाइडनं सोडियम ११२, फिट. पुन्हा देऊ नये.' आधी जुन्या गोळीचं नाव डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या, माझ्या पैजेवर लिहू नका.

घरी येऊन आठवडा झाला नसेल तर या आठवड्यात एकदा सोडियम तपासा, मग डॉक्टर सांगतील तसं. १३० वर थांबून चालणार नाही, ते १३५ च्या पुढे जायला हवं. गोळी बंद होऊनही काही आठवड्यांत गेलं नाही, तर शोध पुढे न्यावा लागतो. थायरॉइड, कॉर्टिसोल, छातीचा एक्स-रे, लघवीतलं सोडियम. फुप्फुसातला आजारसुद्धा कधीकधी पहिल्यांदा सोडियमच्या आकड्यातून कळतो. तुमच्या आईच्या बाबतीत तशी वेळ येईल असं वाटत नाही, पण सोडियम अडून बसलं तर 'वयामुळे असेल' हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

पुन्हा मळमळ, डोकेदुखी, तोल जाणं किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर फिटची वाट न बघता त्याच दिवशी रक्त तपासायला द्या. आणि फिट आलीच तर तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, घड्याळ बघा. दातांत चमचा, बोट, काहीही घालायचं नाही. जीभ चावली तर ती बरी होते, तुटलेला दात श्वासनळीत गेला तर पंचाईत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर ॲम्ब्युलन्स. डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवणं, पोहणं, स्टुलावर चढून माळ्यावरचं काढणं बंद.

राहिलं बाथरूम. 'काही होत नाही' असं तिला म्हणू नका, तिला झालेलं आहे. कारण सापडलं आहे आणि ते काढून टाकलं आहे, असं सांगा. माझं हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल. कोणीतरी दाराबाहेर बोलत उभं राहिलं तर आठ-पंधरा दिवसांत ती स्वतःच 'जा आता' म्हणेल. न्यूरोफिजिशियनची पुढची भेट होईपर्यंत फक्त आतून कडी लावायची नाही, दार नुसतं लोटून घ्यायचं.